बराबर?

वाटूर, ता. परतूर
१४ ऑक्टोबर १९९८

चि. मच्छिंद्र,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, पण या खेपेला रागात बुडवून काढलेले आहेत, तेव्हा जपून घे.

काल परतूरला जायचं म्हणून फाट्यावर उभा होतो. कडूबा आता तिथं टपरीत कॅसेटी विकतो. माझाच नववी नापास विद्यार्थी. त्यानं आतूनच हाक मारली, "सर, जल्दी या इकडं. तुम्ही कॅसेट कधी भरली वो? आमाला सांगितलं बी न्हाई!" मला वाटलं, कार्टं चेष्टा करतंय. मग त्यानं टेपचा आवाज वाढवला आणि अख्ख्या फाट्यावर मी बोलू लागलो.

म्हणजे तू. पण आवाज माझा. खाकरणं माझं, 'विद्यार्थी मित्रांनो' म्हणून जरा थांबणं माझं, आणि मागं ढोल बडवणारे नि गिटार खाजवणारे तुझे दोस्त. गाण्याचं नाव 'सर्वांचा आवडता'. शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला पोरांना मैदानावर बसवून मी 'सर्वांचे आवडते कसे व्हावे' हे सांगतो, ते तू जसंच्या तसं उचललंस. केसांना तेल लावून भांग पाडावा, बराबर? दुसऱ्याचं नाव लक्षात ठेवावं, बराबर? डबा एकट्यानं खाऊ नये, बराबर? इथवर माझं. पुढं तुझी भर. ज्याच्या घरी मोटारसायकल आहे त्याचं नाव आधी लक्षात ठेवावं, बराबर? पहिल्या बाकावरच्या मुलीचा भाऊ गणितात कच्चा असेल तर त्याचा गृहपाठ करून द्यावा, बराबर? आणि मग चौघं मिळून बोंबलता, 'आवडता, आवडता, सर्वांचा आवडता!' जीपवाले टाळ्या वाजवत होते. मी बस सोडली आणि घरी आलो.

कव्हरवर फाटक्या पँटी घातलेली चार पोरं आहेत. बँडचं नाव 'मागचा बाक'. तुझ्या फोटोखाली 'मॅक' असं लिहिलंय. आईनं नाथांना नवस बोलून नाव ठेवलं होतं, त्याचं मॅक झालं.

इंजिनियरिंग सोडून तू पुण्यात गाणी म्हणतोस, याबद्दल मी बोलणार नाही. बोलून झालेलं आहे. नकलेचंही काही नाही, मास्तरांची नक्कल पोरं करणारच. मी एवढंच मागतो: गाणं तुझं, तू ठेव. त्यातला 'बराबर' माझा आहे, तो काढ. दुसरा घाल, मराठीत शब्दांचा काही दुष्काळ पडलेला नाही. तोवर घरी यायची घाई करू नकोस. आलास तर आईला भेट, मी मळ्यात असेन.

आणि एक नियम मी जन्मात कधी सांगितलेला नाही. 'रडू आलं तर मुतारीमागं जावं, तोंड धुवावं, आणि येताना हसत यावं, बराबर?' हा कुठून आणलास?

पुढचं लिहू की नको, असं चाललं होतं. लिहितोच. स्वतःचं नाव सांगताना 'म'वर अडकून घामाघूम होणारा तू, त्या टेपमध्ये इतका वेळ सलग बोललास. मी जीव मुठीत धरून उभा होतो, आता अडकेल, आता अडकेल. नाही अडकलास. माझ्या आवाजात तू कुठंच अडकत नाहीस.

गाणं मी एकदाच ऐकलं, तेही उभ्या उभ्या.

पुंजाराम
(खाली 'वडील' लिहावं की 'मूळ कलाकार', हे ठरत नाही.)

---

वाटूर
२२ फेब्रुवारी १९९९

मच्छिंद्र,

तुझं उत्तर नाही. फोन का करत नाहीस ते समजू शकतो, फोनवर तुझं आणखी अवघड होतं. पण पत्राला कुठं तोंड लागतं?

हे पत्र भांडायला लिहीत नाही. एक हकिकत सांगायची आहे आणि ती तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगता येण्यासारखी नाही. तुझी आई हसून हसून बेजार झाली, तिचा उपयोग नाही.

तीर्थपुरीकडच्या एका शाळेनं मला स्नेहसंमेलनाला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. मला वाटलं, चला, इतक्या वर्षांच्या सेवेची कुणीतरी दखल घेतली. फेटा बांधला, नारळ दिला. मग निवेदक म्हणाला, "आता सातवीच्या मुली संस्कारगीत सादर करत आहेत," आणि पडद्यामागून तुझा ढोल सुरू झाला.

मुलींनी तुझं गाणं हातवाऱ्यांसकट बसवलं होतं. तेल लावण्याचा अभिनय, भांग पाडण्याचा अभिनय. मोटारसायकलच्या ओळीला दोन्ही मुठी पुढं धरून गोल फिरल्या. समोर सगळा गाव बसलेला, पण कुणी हसलं नाही. आयाबाया माना डोलवत होत्या. तिसऱ्या कडव्यानंतर गिटार एकदम थांबते ना, तिथं दोघी चुकल्या. बाकी उत्तम. मुख्याध्यापिका गोपिकाबाई माझ्या कानाशी लागल्या, "सर, पोरानं नाव काढलं तुमचं. असे विचार आजकाल कोन देतंय?"

म्हणजे बघ. तू चेष्टा केलीस, ती लोकांनी उपदेश म्हणून डोक्यावर घेतली. मी जन्मभर उपदेश केला, तो तू चेष्टेवारी नेलास. बापलेकांचं नशीब एकाच तराजूत मोजलेलं दिसतं.

पण हे सगळं मी हसतच सोडून दिलं असतं. तो मुतारीचा नियम आला तेव्हा सगळ्यात पुढच्या बारक्या मुलीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, खांदे हलवले, मग हात काढले आणि लोकांकडं बघून दात दाखवले. टाळ्या पडल्या. मी पाणी मागवलं. पहिलं बक्षीस त्यांनाच दिलं आणि भाषण न करता निघालो.

हा नियम कुणाचा, हे मी मागच्या पत्रात विचारलं होतं. पुन्हा विचारतो.

पुंजाराम

---

वाटूर
९ ऑगस्ट २०००

मच्छिंद्र,

परवा शेजारी केबलवर तुला पाहिलं. आई बळंच घेऊन गेली. कुठल्यातरी मोठ्या मैदानावर कार्यक्रम होता. केस खांद्यापर्यंत आलेत, ते असोत. तू 'बराबर?' म्हणालास आणि माइक लोकांकडं फिरवलास. हजारो पोरं एकदम ओरडली, 'बराबर!' तू पुन्हा विचारलंस, ती पुन्हा ओरडली. आई रडायला लागली. मी शेजाऱ्यांचा चहा पिऊन घरी आलो.

तू तो शब्द काढला नाहीस, हे कळलं. आता काढूही नकोस, काही उपयोग नाही. इकडचा संपलाय.

वर्गात मी 'बराबर?' म्हटलं की पहिल्या ओळीतली पोरं तोंडानं 'ढँग, ढँग' करतात आणि बाकीचा वर्ग लोळायला लागतो. मुली ओढणी तोंडात कोंबतात. एकदा छडी उगारली, तर मागून कुणीतरी आवाज दिला, "सर, आवडते व्हा, आवडते!" मलाही हसू आलं, खोटं कशाला सांगू. पण त्या दिवशी कर्मणी प्रयोग शिकवायचा राहून गेला तो राहूनच गेला.

म्हणून मी तो शब्द सोडला. आता 'समजलं का?' म्हणतो. कुणीच काही बोलत नाही. 'समजलं का'ला उत्तर द्यायला पोर भितं, कारण पुढं 'सांग बरं मग' येणार हे त्याला ठाऊक असतं. 'बराबर'चं तसं नव्हतं. सगळा वर्ग एकदम 'बराबर' म्हणायचा, त्यात ज्याला बोलता येत नाही त्याचंही बोलून व्हायचं. जाऊ दे. तुला हे सांगण्यात अर्थ नाही.

शनिवारचा तासही बंद केला. मैदानावर उभं राहिलं की माझं मलाच वाटतं, मी तुझी नक्कल करून राह्यलोय. बघ, लिहितानाही घरची बोली आली.

पुंजाराम

---

वाटूर
२ मार्च २००३

मच्छिंद्र,

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी शाळेत माझा सेवापूर्तीचा कार्यक्रम ठेवला आहे. हे पत्र मुख्याध्यापक बद्रीनाथराव यांच्या सांगण्यावरून लिहीत आहे, गैरसमज नको. त्यांची इच्छा आहे की तू यावंस आणि ते गाणं म्हणावंस. गर्दी होईल, शाळेचं नाव होईल, असं त्यांचं म्हणणं.

माझं म्हणणं वेगळं आहे. ये, पण गाऊ नकोस. मला निरोप द्यायला सगळा गाव जमेल, आणि त्या दिवशी तरी त्यांनी मला हसत घरी पाठवू नये. एवढी एक गोष्ट मी तुझ्याकडं मागतो. गाणारच असशील तर येऊ नकोस, मी मनाला लावून घेणार नाही. (घेईन. पण तू त्याची काळजी करू नकोस.)

आता तुझी आई समोर बसली आहे. तिला चार ओळी घालायच्या आहेत. ती सांगेल तसं लिहितो, त्यात माझा काही संबंध नाही.

"मच्छिंद्रा, बाळा, आई बोलून राह्यली. यांचं काही ऐकू नको. एकदाच ऐकलं म्हनतेत, कॅसेट घरी हाय. त्याच दिशी कडूबाकून आनली. दुपारची साळा सुटली का लावून बसतेत. कुठं तू श्वास घेतो ते बी यांना पाठ झालंय. म्या पुसलं, एवढा राग हाय तं ऐकता कशाला? तं म्हनले, अडकत न्हाई गं तो, ऐक."

हे मी लिहिणार नव्हतो. तिला वाचता येत नाही, मी काहीही खरडलं असतं तरी चाललं असतं. पण ती दर ओळीला वाचून दाखवा म्हणते, आणि मास्तरला चुकीचं वाचून दाखवता येत नाही.

"आन् त्या सबदाचं. तू ल्हान असतानी बोलायचाच बंद झालता. मंग यांनी काय केलं, तू अडकला का हे हळूच म्हनायचे, 'बराबर?' तू म्हनायचा 'बराबर', आन् गाडी सुटायची. मंग तू यांच्या साळंत आला. तिथं बी अडकला का तू सवताच 'बराबर' म्हनायचा, तं पोरं तुला 'ए बराबर, ए बराबर' म्हनून चिडवायला लागली. तू घरी येऊन जेवला न्हाई. दुसऱ्या दिशी हे भरल्या वर्गात सवता म्हनले, 'बराबर?' आन् सगळ्याकून म्हनून घेतलं. त्याच्या आधी साळंत यांच्या तोंडात त्यो सबद बिलकुल न्हवता. सगळ्या साळंच्या तोंडात बसवला, म्हंजे मंग तुला एकट्याला कोन चिडवील? आता सांग, त्यो सबद कुनाचा? ये बाबा. धपाटे करते."

खाली आईचा अंगठा आहे. शाईचा डाग नाही, अंगठा आहे.

ती म्हणते तेवढं काही मोठं नव्हतं. वर्गाला जागं ठेवायला मास्तर काहीतरी म्हणतोच.

पुंजाराम

---

वाटूर
११ मे २००३

मच्छिंद्रा,

तू पुण्याला पोचलास की नाही, तेही कळलेलं नाही. आई रोज पोस्टमनच्या वाटेकडं बघते. धपाटे दुसऱ्या दिवशी गाईला घातले.

मला काय दिसलं ते लिहितो. तुला काय दिसलं ते मला ठाऊक नाही, आणि तेच मला झोपू देत नाही.

तू बसमधून उतरून सरळ मंडपात आलास. माझ्या पाया पडलास. मी 'असू दे, असू दे' म्हणालो, तेवढंच आपलं बोलणं झालं. बद्रीनाथरावांनी माइकवर 'आपले लाडके मॅक' असं पुकारलं आणि पोरं बाकांवर चढली. 'सर्वांचा आवडता! सर्वांचा आवडता!' तू उठलास. गिटार खुर्चीवरच ठेवलीस. तेव्हा मला कळलं, हा गायला उठलेला नाही. माझं पत्र याला पोचलंय. हा बोलायला उठलाय. माझ्याबद्दल. स्वतःच्या आवाजात.

आणि तू म्हणालास, "मी म… म… म…"

लोक हसले. पोटभर हसले. त्यांना वाटलं, मॅकची नवी नक्कल आहे ही. कडूबा तर सगळ्यात आधी हसला, "आयला, काय करून राह्यलाय बघा!" म्हणून शेजाऱ्याला ढोसत होता. त्याचाही दोष नाही. तुझं खरं बोलणं ते केव्हाच विसरून गेलेत. त्यांना तुझं बोलणं म्हणजे माझं बोलणं. तू पुन्हा सुरुवात केलीस, पुन्हा 'म'वर थांबलास. ते आणखी हसले. तुझ्या मानेची शीर फुगलेली मला खुर्चीतून दिसत होती, लहानपणी फुगायची तशीच.

मी उठलो. अंगावरची शाल खाली पडली. आणि म्हणालो, "बराबर?"

देवाशपथ सांगतो, मी ठरवलं नव्हतं. तू अडकलास आणि माझ्या तोंडातून ते निघालं, घरी चुलीपुढं निघायचं तसं. इतक्या वर्षांत मी तो शब्द उच्चारला नव्हता. मला वाटलं, तू 'बराबर' म्हणशील आणि गाडी सुटेल.

पण मंडप तुझ्याआधी ओरडला. 'बराबर!' टाळ्या, शिट्ट्या, तोंडानं 'ढँग, ढँग'. त्यांना वाटलं, बापलेकांनी मिळून बसवलेलं आहे. तू माझ्याकडं बघितलंस. त्या बघण्यात काय होतं ते मला वाचता आलं नाही. बाप माझ्या नकलेची परतफेड करतोय, असं तुला वाटलं का? चारचौघांत मला गाण्यात ओढू नकोस म्हणणारा म्हातारा स्वतःच गाणं म्हणायला लागला, असं वाटलं का? तू माइक हळूच खाली ठेवलास आणि मागच्या बाजूनं उतरून गेलास. मला वाटलं, तोंड धुऊन येशील, हसत येशील. तुझ्याच नियमाप्रमाणं. मी नारळ मांडीवर घेऊन वाट बघत बसलो. बद्रीनाथरावांनी आभार मानले तरी तू आला नव्हतास. मग कुणीतरी सांगितलं, मॅक जालन्याच्या जीपमध्ये बसून गेला.

लोक पांगल्यावर मी मुतारीमागं गेलो. उभी नोकरी त्या शाळेत काढली, पण तिकडं कधी गेलो नव्हतो. मास्तर लोक तिकडं जात नाहीत. तिथं एक तुटका नळ आहे, एक लिंबाचं झाड आहे, आणि पोरगं उकिडवं बसलं तर कुठूनही दिसणार नाही एवढी जागा आहे. मी तिथं उभा राहिलो. मैदानावर शिपाई खुर्च्या मोजत होता. माइक कधीच बंद झालेला. तरीही तो पुटपुटत होता ते सगळं मला तिथं ऐकू येत होतं. शब्दन् शब्द. भिंतीवरून आवाज सरळ तिथंच येतो.

मग माझ्या लक्षात आलं की शनिवारी मी त्याच मैदानावर उभा राहत होतो. घसा ताणून सांगत होतो की दुसऱ्याचं नाव लक्षात ठेवावं, डबा एकट्यानं खाऊ नये, सर्वांचं आवडतं व्हावं.

शब्द आता परत मागत नाही. तो तुझाच होता, तुझ्याकडंच राहू दे. गाणंही म्हण, आणखी हजार वेळा म्हण. मुतारीचा नियम कुणाचा, हेही पुन्हा विचारणार नाही. एकच विचारतो, आणि त्याचं उत्तर एका शब्दाचं आलं तरी मला पुरे आहे. नाही आलं तरी ते काय आहे ते मला कळलं, असं मी समजेन.

मी मैदानावर बोलत असताना तू मुतारीमागं बसून ते सगळं ऐकायचास. मग तोंड धुऊन, हसत येऊन ओळीच्या शेवटी बसायचास. आणि मी तुझं हसरं तोंड बघून मनात म्हणायचो, आपलं पोरगं रुळलं.

बराबर?

तुझा बाप